उणे पाच लिहिलं होतं, तरी थंडी का वाजली?

*वाचकाचं पत्र:* डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं ठाण्याहून गाडीने भंडारदऱ्याला गेलो होतो. मी, पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. तलावाच्या अगदी काठाला तंबू लावला. चार स्लीपिंग बॅगा ऑनलाइन मागवल्या होत्या, पाकिटावर ठळक अक्षरात 'उणे 5 अंश'. खाली फुगवायचा डबल एअर बेड होता. तरीही पहाटे तीननंतर मी आणि पत्नी कुडकुडत होतो. पाठ तर बर्फ झाली होती. माझी उंची सहा फूट, त्यामुळे बॅगेच्या टोकाला पाय अडकत होते. आई (वय 68, गुडघेदुखी) गाडीत मागच्या सीट पाडून झोपली, पण रात्री लघवीला उठताना तिला त्या निमुळत्या बॅगेतून बाहेर काढायला दोघं लागलो. मुलगा मात्र रात्री अकराला घामाघूम होऊन बॅगेबाहेर आला आणि पहाटे उघडाच गारठलेला सापडला. यंदा पुन्हा जायचंय. चार नव्या बॅगा घेण्यासाठी बारा हजार रुपये बाजूला काढलेत. कोणत्या घेऊ?
— घोडबंदर रोड, ठाणे

नमस्कार,

चार बॅगा घेऊ नका. तुमच्या पत्रावरून दिसतं त्याप्रमाणे नव्या बॅगा लागतील त्या दोनच, आणि त्याही सगळ्यात शेवटी. आधी खालच्या एअर बेडचा बंदोबस्त करायला हवा. 'पाठ बर्फ झाली' हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण निदान त्याच वाक्यात आहे. बॅग कमी पडली तर गारठा आधी खांद्यांना, छातीला, पावलांना लागतो. पाठ आणि कुल्ले गारठत असतील तर थंडी खालून आली असं समजायचं.

स्लीपिंग बॅग ऊब तयार करत नाही. तिच्यातल्या फायबरच्या जाळीत हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवा तुमच्या शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. आता साठ-सत्तर किलोचा माणूस त्या फायबरवर आडवा झाला की अंगाखालचा भाग चेपून पापडासारखा होतो. हवा गेली, ऊब गेली. म्हणजे पाठीखालची बॅग जवळजवळ नसल्यातच जमा. तिथलं काम मॅटने करायचं असतं, आणि तुमच्याकडे मॅटच्या जागी होता एअर बेड.

एअर बेड मऊ असतो, पण उबदार नसतो. आत नुसती मोकळी हवा, वीतभर उंच. कूस बदलली की ती ढवळली जाते, आणि बेडच्या चारी बाजू तंबूतल्या गार हवेला उघड्या असतात. रात्रभर तो तुमच्या पाठीची ऊब शोषत राहतो. शिवाय संध्याकाळी 28 अंशांच्या हवेत टणक फुगवलेला बेड पहाटे दहा अंशांवर आला की आतल्या हवेचा दाब नुसत्या गारठ्याने साधारण सहा टक्के उतरतो. मग 'पंक्चर झाला वाटतं' म्हणून लोक पहाटे पंप मारत बसतात. बेड धडधाकट असतो, हवा फक्त आकसलेली असते.

बेड फेकून द्यायची गरज नाही. त्याच्या वर, म्हणजे बेड आणि बॅग यांच्या मध्ये, बंद पेशींच्या फोमचा, म्हणजे ज्याच्या बारीक पोकळ्यांत हवा कोंडलेली असते अशा फोमचा, एक थर टाका. बहुतेक जण तो बेडच्या खाली अंथरतात. त्याने बेडला खडा टोचत नाही एवढंच. आतली गार हवा तुमच्या पाठीला लागते ती लागतेच.

फोम कुठला? दुकानात मॅटवर 'आर व्हॅल्यू' लिहिलेली असेल तर तेवढाच आकडा बघा. तो जितका मोठा तितकी खालून येणारी थंडी जास्त अडते, आणि एकावर एक मॅट टाकल्या की हे आकडे सरळ बेरजेत जातात. आत अस्तर नसलेल्या एअर बेडची आर व्हॅल्यू जेमतेम 1 च्या आतबाहेर असते. बारा-पंधरा मिलिमीटर जाडीच्या कॅम्पिंगच्या फोम मॅटची दीड-दोनच्या आसपास. आत स्पंज असलेल्या, व्हॉल्व्ह उघडला की बऱ्याचशा आपोआप फुगणाऱ्या मॅटची याहून बरीच जास्त. आपल्या घाटमाथ्यावरच्या थंडीला एकूण दोन-अडीच पुरते. घरातली योगा मॅट चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. चार-सहा मिलिमीटरची योगा मॅट पाय घसरू नये म्हणून बनवलेली, दाट आणि जड असते. तिच्यात हवा फारशी नाहीच, त्यामुळे एकटीवर भरवसा नको.

स्वस्तातला उपाय म्हणजे लहान मुलांच्या खोलीत टाकतात त्या, कडा एकमेकींत अडकवायच्या ईव्हीए फोमच्या चौकोनी मॅट. दोन फूट बाय दोन फूटचा एक तुकडा, जाडी 10 ते 12 मिलिमीटर. असे तीन तुकडे जोडले की एका माणसाची सहा फूट लांब, दोन फूट रुंद पट्टी होते. तुम्ही सहा फुटी, तुम्हाला चौथा लागेल, अर्धा कापून पायाशी. तंबूतल्या तिघांसाठी दहा तुकडे धरा, गाडीत झोपणाऱ्या आईंसाठीचे तीन वेगळे. घरी परत आल्यावर ते मुलाच्या खोलीत जातात, जागा अडत नाही. दुसरा पर्याय पॅकिंगच्या दुकानात मिळणारा पांढरा ईपीई फोम, 10 मिलिमीटर जाडीचा, रोलमधून मीटरवर कापून देतात. हा हलका आणि फार स्वस्त, पण कोपर-टाचांखाली लवकर दबतो, एका हिवाळ्यापुरता समजा. घरात खरी धनगरी घोंगडी असेल तर ती या फोमवर अंथरा. लोकर दमट झाली तरी ऊब पूर्ण सोडत नाही, आणि खाली असली की टोचायचाही प्रश्न नाही.

आता त्या 'उणे 5' बद्दल.

बॅगेच्या तापमानाची एक ठरलेली चाचणी आहे. आधी ती युरोपात ईएन 13537 या नावाने होती, 2016 पासून तिची जागा आयएसओ 23537 ने घेतली. सेन्सर लावलेला पुतळा आतले लांब कपडे आणि मोजे घालून बॅगेत झोपवतात, खाली मॅट असते, आणि ऊब किती वेगाने जाते ते मोजतात. त्यातून थंडीच्या बाजूचे आकडे निघतात तीन. 'कम्फर्ट' म्हणजे साधारण बाई सैल अंगाने, आरामात झोपू शकेल ते तापमान. 'लिमिट' म्हणजे साधारण पुरुष अंग आखडून, मुटकुळं करून कशीबशी रात्र काढील ते. आणि 'एक्स्ट्रीम' म्हणजे बाई सहा तास जिवंत राहील, पण शरीर धोकादायक पातळीपर्यंत गार पडण्याची भीती आहे, ते. एक्स्ट्रीम हा झोपेचा आकडाच नव्हे. पण सगळ्यात देखणा तोच, म्हणून पाकिटावर मोठ्या टायपात पुष्कळदा तोच येतो. कधी तर कसलीही चाचणी न करता छापलेला असतो.

आणखी एक गोम. या चाचणीतली 'साधारण बाई' 25 वर्षांची, 60 किलोची धरली आहे आणि 'साधारण पुरुष' 25 वर्षांचा, 73 किलोचा. 68 वर्षांच्या आईंना हा हिशेब लागू होत नाही. वय झालं की शरीर ऊब कमी बनवतं आणि हातापायांपर्यंत ती उशिरा पोचते. त्यांच्यासाठी कम्फर्टच्या आकड्यात चार-पाच अंश वाढवून धरावेत. म्हणजे बॅगेवर कम्फर्ट 5 असेल तर त्यांच्यासाठी ती 10 अंशांची बॅग.

लेबलवर तिन्ही आकडे आणि चाचणीचं नाव नसेल, एकच आकडा असेल, तर त्यात निदान दहा मिळवा आणि तो कम्फर्ट माना. तुमच्या उणे पाचचे झाले पाच किंवा त्याहून जास्त, आणि तेही खाली चांगली मॅट धरून. बॅग हातात घेतली की एक साधी पडताळणी करता येते: स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. पिसांच्या नव्हे, फायबरच्या बॅगेला कम्फर्ट पाच ते दहासाठी साधारण सव्वा ते दोन किलो वजन लागतंच. फायबरची, पाऊण-एक किलोची बॅग उणे पाचला चालते असं कोणी सांगत असेल तर तिच्यात फायबर भरायला वजन उरतंय कुठे?

तुम्हाला नेमका किती अंशांचा आकडा हवा, ते तंबूच्या जागेवर ठरतं. ठाण्यात डिसेंबरच्या रात्री पारा साधारण सतरा-वीसच्या आसपास असतो. कसारा घाट चढून घोटीवरून तुम्ही भंडारदऱ्याला पोचता तेव्हा साडेसातशे मीटर वर आलेले असता. नुसत्या उंचीने साडेचार-पाच अंश कमी झाले. वर समुद्राची दमट, ऊब धरणारी हवा नाही, आभाळ स्वच्छ. जमीन रात्रभर आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते, आणि थंड झालेली हवा जड होऊन उताराने खाली घरंगळते आणि तलावाकाठच्या सखल जागेत साचते. महाबळेश्वरला गावातला पारा अजून शून्यापासून बराच दूर असताना वेण्णा तलावाच्या काठावर दहिवर गोठल्याची बातमी जवळजवळ दर थंडीत येते, ती याच कारणाने. तुम्ही तंबू लावलात तो नेमका अशा साचलेल्या गारठ्यात. मोबाइलवर दिसणारं तापमान जवळच्या केंद्राचं किंवा अंदाजाचं, आणि तेही डोक्याच्या उंचीवरच्या हवेचं असतं. तुम्ही झोपता जमिनीलगत, तिथे आणखी दोन-तीन अंश सहज कमी होतात.

म्हणून यंदा काठ सोडा. पाण्यापासून पाच-दहा मीटर चढावर, झाडांच्या ओळीच्या कडेला, वाळक्या फांद्या डोक्यावर येणार नाहीत अशी जागा बघा. मोकळ्या आभाळाखालचा तंबू दवाने निथळतो, झाडांच्या आडोशाचा बराच कोरडा राहतो. काठावरून दिसणारं पाणी सकाळी चहाच्या वेळीही तेवढंच सुंदर दिसतं.

भंडारदरा, माळशेज, महाबळेश्वर या पट्ट्यासाठी डिसेंबर-जानेवारीत कम्फर्ट पाचच्या आसपासची बॅग घ्या. पवना, कर्जतकडे दहाची पुरते. काशीद-अलिबागला बॅगच नको, चादर आणि सुती पांघरूण बस्स. तुमचं मुख्य ठिकाण घाटमाथा असल्याने पाचची घ्या आणि बाकी ठिकाणी चेन उघडी ठेवून झोपा. गरम बॅग उघडता येते, गार बॅग फुगवता येत नाही.

आकार. पायाकडे निमुळती होणारी, डोक्याला टोपी असलेली बॅग हिमालयातल्या ट्रेकसाठी बनली आहे. पाठीवर वाहायची, म्हणून एकेक ग्रॅम वाचवलेला. तुमचं सामान तुमची गाडी वाहते. तिला अर्धा किलो जास्त काय, चार किलो जास्त काय. मग पाय बांधून झोपायचं कशासाठी? चौकोनी, पाकिटासारखी, चेन एका बाजूने खाली येऊन तळाशीही वळते अशी बॅग घ्या. पूर्ण उघडली की तिची दुलई होते, साधारण दीड मीटर रुंद. अर्थात चौकोनी बॅगेत हवेला खेळायला जागा जास्त, त्यामुळे तेवढ्याच फायबरची निमुळती बॅग थोडी जास्त उबदार असते. तो फरक मॅटने आणि कानटोपीने भरून निघतो.

तुमची उंची 183 सेंटीमीटर. बॅगेची आतली लांबी उंचीपेक्षा निदान पंधरा-वीस सेंटीमीटर जास्त हवी, म्हणजे तुम्हाला दोन मीटर किंवा त्याहून थोडी जास्त. पाय टोकाला टेकले की पावलांपाशीचं फायबर आतून चेपतं आणि तिथूनच गारठा शिरतो. मागच्या वेळी तुमची पावलं गार पडली असतील तर त्यामुळेच. बाहेरची लांबी वेगळी छापतात, टोपीसकट मोजतात, ती धरू नका. रुंदी खांद्याशी 75 ते 80 सेंटीमीटर. दुकानात बूट काढून बॅगेत शिरा, चेन हनुवटीपर्यंत ओढा, हाताची घडी घाला, गुडघे पोटाशी घ्या. कापड ताणलं गेलं तर ती बॅग तुमची नाही. दुकानदार बघत असेल तर बघू दे.

पडल्या पडल्या चेनही तपासा. आतून आणि बाहेरून दोन्हीकडून चालणारा हूक हवा, आणि पायाकडूनही उघडणारा दुसरा हूक असेल तर फार बरं, नुसते पाय बाहेर काढून गार करता येतात. चेनच्या आत, डोक्यापासून पायापर्यंत, फायबर भरलेली बोटाएवढी जाड नळी असते. ती नसेल तर दातांमधून वारा सरळ कमरेला लागतो. चेनच्या कडेला जरा कडक कापडाची पट्टी शिवलेली असावी, नाहीतर अस्तर दातांत अडकतं, आणि पहाटे अंधारात अडकलेली चेन ओढली की अस्तर फाटतं. भर दुकानात ती आठ-दहा वेळा जोरात वर-खाली करा.

मग बॅग उघडून उजेडासमोर धरा. शिवणीच्या रेघांमधून लख्ख उजेड दिसतो का? स्वस्त बॅगेत बाहेरचं कापड, फायबर आणि अस्तर तिन्ही एकाच टाक्याने आरपार शिवतात. त्या रेघेवर फायबरची जाडी शून्य, म्हणजे दर वीतभर अंतरावर थंडीला एक फट. बऱ्या बॅगेत फायबरचे दोन थर असतात, एक बाहेरच्या कापडाला आणि एक अस्तराला शिवलेला, दोघांच्या रेघा एकमेकींपासून सरकवलेल्या, म्हणजे एकाची फट दुसऱ्याच्या जाड भागाने झाकली जाते. घरी आणल्यावर बॅग पसरून अर्धा तास फुगू द्या आणि वरच्या एका पदराची जाडी पट्टीने मोजा. घाटमाथ्यासाठी ती अडीच-तीन सेंटीमीटर हवी. ही ढोबळ कसोटी आहे, पण जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा खरी.

पिसांची, म्हणजे डाऊनची बॅग घेऊ का, असा मोह तुम्हाला दुकानात होईल, कारण ती दाबली की मुठीएवढी होते. नको. पिसं ओली झाली की गोळा होतात आणि ऊब सोडतात. दव पडणाऱ्या तलावाकाठी आणि ठाण्याच्या जुलैत त्यांची निगा राखणं जिकिरीचं, धुणं आणखी जिकिरीचं. पाठीवर वाहायची नसेल तर तिचा जास्तीचा पैसा कशापायी द्यायचा? कधी हिमालयात जाल तेव्हा भाड्याने घ्या.

आता कोणासाठी काय. तुम्ही आणि पत्नी यांच्यासाठी एकाच मॉडेलच्या दोन चौकोनी बॅगा. जोडून एक मोठी करायची असेल तर दुकानातच जोडून बघा. टोपी असलेल्या बॅगांमध्ये एक डाव्या चेनची आणि एक उजव्या चेनची लागते, दोन्ही एकाच बाजूच्या असल्या की टोप्या उलटसुलट येतात. वेगळ्या कंपन्यांच्या चेन तर दातच जुळत नाहीत. जोडलेल्या बॅगेत दोघांच्या खांद्यांच्या मध्ये मोठी फट राहते, तिच्यात एक शाल गुंडाळून खोचा.

मुलासाठी नवी बॅग घेऊ नका. त्याला जुनी पुरते, फक्त ती त्याच्यासाठी फार लांब आहे. पायाकडचा रिकामा भाग त्याने स्वतःच्या अंगाने गरम करायचा, हे त्याच्यावर लादू नका. तो भाग दुमडून खाली घाला किंवा त्याच्या पायांच्या पुढे बॅगेला बाहेरून पट्ट्याने सैलसर बांधा. तो घामाघूम झाला कारण अकराला हवा अजून फार गार नव्हती आणि तुम्ही त्याला स्वेटरसकट गळ्यापर्यंत बंद केलं असणार. मुलं झोपेत चेन उघडतात, लावत नाहीत. त्याला पातळ कपड्यात, चेन कमरेपर्यंत ठेवून झोपवा, आणि तुम्ही बाराच्या सुमारास उठाल तेव्हा ती वर ओढा. घामाने ओला झालेला बनियन आधी बदला. पहाटे तो गारठला तो बराचसा त्या ओलीमुळे.

आईंना बॅगेत घालूच नका. गुडघे दुखणाऱ्या माणसाला निमुळत्या पिशवीत सरकणं आणि अंधारात तिच्यातून निघणं हा छळ आहे, आणि घाईत तोल जाण्याची भीती वेगळी. गाडी बरोबर आहे, तर घरचं अंथरूण न्या. पाडलेल्या सीटांच्या सांध्यांत उशा, टॉवेल भरून आधी जागा सपाट करा, मग फोमचे तुकडे, त्यावर जाड गोधडी. गाडीत झोपलं म्हणजे खालून थंडी लागत नाही हा गैरसमज. पत्र्याखालून रात्रभर गार हवा फिरत असते. वर पांघरायला तुमच्या एसीच्या खोलीतला जाड कम्फर्टर, आणि त्यावर जुन्या बॅगांपैकी एक पसरून. बॅग आत नको, वरून सैल टाका. दाबली गेली तर खालच्याचीही हवा जाते. पाडलेल्या जागेची लांबी टेपने मोजा, सरळ पाय पुरत नसतील तर तिरपं अंथरूण घाला. दोन काचा बोटभर उघड्या ठेवा, आतून मच्छरदाणीचं कापड लावून, नाहीतर श्वासाची वाफ काचांवर आणि पांघरुणावर उतरते. गाडीचा दरवाजा आतून कसा उघडायचा ते त्यांना उजेडात दाखवून ठेवा, हाताशी टॉर्च द्या.

इथे दोन गोष्टी हात जोडून सांगतो. झोपताना इंजिन चालू ठेवून हीटर लावू नका, आणि तंबूत किंवा गाडीत निखाऱ्यांची शेगडी, अगदी विझत आलेलीसुद्धा, घेऊ नका. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.

सुरक्षित ऊब हवी तर केमिस्टकडची रबरी गरम पाण्याची पिशवी. दोन तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, बूच लावून उलटी करून गळते का बघा, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि झोपण्याआधी अर्धा तास पायाशी ठेवा. आईंच्या पावलांना बधिरपणा असेल तर त्या झोपायला जाताना ती काढून घ्या, चटका कळत नाही. झोपायला जाताना दिवसभराचे कपडे पूर्ण बदला, मोजेही. शेकोटीपाशी कोरडे वाटणारे कपडे घामाने दमट असतात. कानटोपी घाला. तोंड बॅगेत खुपसून झोपू नका, श्वासाच्या ओलीने छातीजवळचं फायबर सर्दावतं. आणि तंबूच्या वरच्या जाळ्या थंडी वाजते म्हणून बंद करू नका, सगळी वाफ आतच दव होऊन टपकते.

बॅगेच्या आत घालायचं सुती अस्तर विकत घेऊ नका. आईंची किंवा पत्नीची जुनी, मऊ झालेली सुती साडी काढा. साडेचार मीटर लांबीचा तुकडा घ्या आणि लांबीत मधोमध दुमडा. सव्वादोन मीटर लांब, साधारण एक मीटर दहा सेंटीमीटर रुंद अशी पिशवी होते. दुमड पायाकडे. एका बाजूला पूर्ण शिलाई, दुसऱ्या बाजूला पायाकडून दोन तृतीयांश, वरचा भाग आत शिरायला मोकळा. जिथे शिलाई संपते तिथे दोन-तीन वेळा उलटसुलट मारा, पाय घालताना पहिला ताण तिथेच येतो. या अस्तराने थोडी ऊब वाढते, पण खरा फायदा धुण्याचा. अंगाचा घाम आणि तेल साडी घेते, बॅग वर्षातून एकदा धुतली तरी चालते.

ती धुवायची फ्रंट लोड मशीनमध्ये, 30 अंशांवर, थोडं लिक्विड, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही. टॉप लोडच्या घुसळणीत आतले टाके तुटतात. पिळू नका, आणि ओली बॅग एका टोकाने उचलून दोरीवर लटकवू नका, पाण्याच्या वजनाने फायबर खाली सरकून गोळा होतं. खालून दोन्ही हात घालून उचला, स्टँडवर आडवी वाळवा. कॅम्पवरून निघण्याआधी तर दर वेळी, उलटी करून, गाडीच्या बॉनेटवर तासभर ऊन द्या. घरी मात्र बेडच्या बॉक्समध्ये तिच्या छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका. वर्षभर दाबलेलं फायबर पुन्हा पूर्ण फुगत नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात काळे बुरशीचे ठिपके येतात. मोठ्या सुती अभ्ऱ्यात किंवा जुन्या चादरीत सैल गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, जून ते सप्टेंबर दर दोन-तीन आठवड्यांनी पंख्याखाली पसरा.

बारा हजारांचा साधारण एक तृतीयांश मॅट-फोमवर, बाकी त्या दोन बॅगांवर. ऑनलाइन घेतल्या तर टॅग कापण्याआधी, परत पाठवायची मुदत संपण्याआधी, घरी एक रात्र झोपून बघा. बेडरूमच्या फरशीवर फोमचे तुकडे, त्यावर बॅग, एसी 18 वर, पंखा चालू. पातळ कपड्यात चेन पूर्ण लावल्यावर पंधरा मिनिटांत उकडून ती अर्धी उघडावीशी वाटली तर घाटमाथ्यावर बॅग चालेल. 18 अंशांत जेमतेम बरं वाटलं, तर सकाळी रिटर्नचं बटण दाबा.